पडद्यावरचे भाई, त्यांची आडनावे आणि धारावीची जमीन



जून २०१८ मध्ये ‘काला’ पडद्यावर आला, तेव्हा आपल्या पोरांनी सगळ्यात आधी काय शेअर केले? रजनीकांतच्या जीपची नंबर प्लेट. एमएच ०१ बीआर १९५६. बीआर म्हणजे कोण आणि १९५६ साली काय झाले, हे आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही समजावून सांगावे लागत नाही. बुद्धविहारातली बैठक, टेबलावर पडलेले ‘रावण काव्यम्’, बिल्डरच्या कंपनीला दिलेले ‘मनू’ हे नाव, ही सगळी चिन्हे आपण बरोबर टिपली. पण चिन्हे मोजून थांबलो तर दिग्दर्शक पा. रंजितने केलेले मोठे काम नजरेतून सुटते. गँगस्टरची गोष्ट सांगायची जी चौकट ऐंशी-नव्वद वर्षे चालत आली होती, ती त्याने मोडली. ती चौकट कुणी घडवली, ती कुणाच्या सोयीची होती, हे बघितल्याशिवाय मोडणे म्हणजे काय ते कळणार नाही.

चौकट अमेरिकेतली. ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ १९३१ चे, ‘स्कारफेस’ १९३२ चा. गोष्ट एकच: फाटका माणूस वर चढतो, पैसा, गाडी, बाई, सूट सगळे मिळवतो आणि शेवटी गोळ्या खाऊन रस्त्यात पडतो. हे नायक इटालियन किंवा आयरिश स्थलांतरितांच्या घरातले, म्हणजे तिथल्या प्रतिष्ठित समाजाने दाराबाहेर ठेवलेले. ‘स्कारफेस’मध्ये नायकाच्या खिडकीसमोर जग तुझेच आहे असे सांगणारी विजेची पाटी झळकते आणि तो मरतो तोही त्याच पाटीखाली. टीकाकार रॉबर्ट वॉरशो याने १९४८ मध्ये गँगस्टरला शोकांतिकेचा नायक म्हटले ते याचसाठी. यशस्वी व्हायचे तर गर्दीतून एकटे वर यावे लागते, आणि जो एकटा पडला तो मेला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या चौकटीत माणूस एकटाच चढतो, एकटाच पडतो. ज्या गल्लीतून तो आला ती गल्ली शेवटच्या दृश्यातही तशीच असते. व्यवस्थेला धक्का लागत नाही आणि प्रेक्षकाची खदखद मात्र अडीच तासांत निवते.

आता मुंबईत या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. त्या अत्याचाराच्या निषेधार्थ निघालेल्या मोर्चावर गच्चीवरून दगड आला आणि पँथर भागवत जाधव शहीद झाले. बरोबर एका वर्षाने, जानेवारी १९७५ मध्ये, ‘दीवार’ झळकला. गोदीतला हमाल, हप्ता नाकारणारा, ७८६ चा बिल्ला. चिडलेला तरुण! देशभर टाळ्या पडल्या. त्या तरुणाचे नाव विजय वर्मा. त्याच्या हातावर ‘मेरा बाप चोर है’ असे गोंदलेले आहे आणि त्याचा बाप संपातून माघार घ्यायला भाग पाडलेला कामगार पुढारी. म्हणजे मुळात अपमान सामूहिक आहे, तो सगळ्या कामगारांचा आहे. पण सलीम-जावेदची पटकथा त्याला घरात आणते: दोन भाऊ आणि मधे आई. आईने जिथे विटा वाहिल्या ती इमारत विजय तिच्यासाठी विकत घेतो. त्या इमारतीवर राबलेल्या बाकीच्या बायांचे काय झाले? पटकथेला त्याची गरज वाटली नाही. रस्त्यावर पँथरचा राग जातीचे नाव घेऊन बोलत होता, तेव्हा पडद्यावर तोच राग वर्मा हे आडनाव लावून घरगुती झाला. लेखकांनी हे ठरवून केले असे माझे म्हणणे नाही. चौकटच तशी होती, त्यात दुसरे काही बसत नव्हते.

धारावी या गोष्टीत ठसठशीतपणे आली ती १९८७ मध्ये, मणिरत्नमच्या ‘नायकन’मधून. वरदराजन मुदलियारच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला हा चित्रपट. तोटा तरणींनी धारावीचा सेट चेन्नईत उभारला, पी. सी. श्रीराम यांनी कॅमेरा सांभाळला. कलाकृती म्हणून तो थोरच आहे, वाद नाही. अंधार, चेहऱ्यावर अर्धवट पडणारा उजेड, वयाबरोबर वाढत जाणारी सावली. ‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) गॉर्डन विलिसने वरून उजेड सोडून डोळे काळोखात ठेवले होते, त्याच घराण्यातली ही दृश्यभाषा. तिच्यात काळोख म्हणजे पाप, गुपित, गुन्हा. वेलू नायकर वस्तीसाठी लढतो, पण शेवटी नातू त्याला विचारतो की तुम्ही चांगले की वाईट, आणि उत्तर त्याला ठाऊक नसते. प्रश्न पुन्हा एका माणसाच्या चांगुलपणाचा. धारावी भोवती उभी राहून रडते.

१९९८ च्या ‘सत्या’ने कॅमेरा खांद्यावर घेतला, पाऊस, चाळी, अड्डे यांतून फिरवला. नायक सत्याला गाव नाही, घर नाही, आडनाव नाही. भिकू म्हात्रेला मात्र आहे. जातीच्या देशात बिनआडनावाचा नायक ही लेखकाची मोठी सोय असते. बाकी ‘सत्या’वर भरपूर लिहिले गेले आहे, इथे एवढेच पुरे.

या पार्श्वभूमीवर ‘काला’ची सुरुवात बघा. पडद्यावर आधी माणूस येत नाही, जमीन येते. ॲनिमेशनमधून जमीन आणि सत्ता यांचा इतिहास सांगितला जातो. मग धोबीघाटावर पाडकाम आणि त्याला विरोध. करिकालन ऊर्फ काला दिसतो तो गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळताना, आणि चक्क त्रिफळाचीत होतो! रजनीकांतच्या प्रवेशाला थिएटरात काय होते ते आपल्याला माहीत आहे. त्या प्रवेशात नायक बाद होतो, ही गंमत नाही, विधान आहे. काला आधीच म्हातारा आहे, आजोबा आहे. तो वर चढत नाही, कारण चढणे कधीच होऊन गेले आहे. उदय आणि अस्त या कमानीतला पहिला अर्धा भाग रंजितने कापूनच टाकला. उरला प्रश्न एकच: ही जमीन कुणाची?

आणि तो प्रश्न धारावीत पोकळ नाही. मूळचा कोळीवाडा, मग तिरुनेलवेलीकडून आलेले कातडे कमावणारे, सौराष्ट्रातून आलेले कुंभार. ज्यांना शहराने आपल्या हद्दीबाहेरच्या चिखलात ढकलले त्यांनीच दलदल भरून जमीन तयार केली. शहर वाढत वाढत तिच्यापाशी आले, तेव्हा ती एकदम मौल्यवान झाली.

नाना पाटेकरांचा हरिदादा पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या घरात. त्याचे आडनाव अभ्यंकर. इथे आडनाव लपवलेले नाही, हे नोंदवून ठेवा. तो मुंबई स्वच्छ आणि शुद्ध करायला निघाला आहे. कालाच्या घरी येतो आणि पुढे केलेले पाणी घेत नाही. या प्रसंगात ना बंदूक आहे ना आरडाओरडा, पण ज्याला २० मार्च १९२७ ठाऊक आहे त्याला एका पेल्यात सगळे दिसते. ‘स्वच्छ’ आणि ‘शुद्ध’ या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरातच जात राहते. मुरली जी. यांचा कॅमेरा इथे गँगस्टरपटाची दृश्यभाषा उलटी करतो. पांढरे घर थंड, रिकामे, भीतिदायक. धारावीच्या गल्ल्या उबदार, माणसांनी भरलेल्या. काळोख हा गुन्ह्याचा रंग उरत नाही, तो श्रमाचा रंग होतो.

क्लायमॅक्सला हरिदादाच्या घरी रामकथा चालू आहे, इकडे वस्ती पेटली आहे, आणि संकलक श्रीकर प्रसाद ही दोन्ही दृश्ये एकमेकांत गुंफत नेतात. कथेत रावण पडतो तसतसा वस्तीत एकेक माणूस उभा राहतो. तमिळ प्रेक्षकाला यात पेरियारांची परंपरा दिसेल. आपल्याला दुसरे आठवते. ‘नायकन’ आला त्याच १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापले. त्यातल्या राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठले आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये आपल्या लोकांनी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. रामाची गोष्ट कुणाच्या बाजूने सांगायची, हा प्रश्न मुंबईच्या रस्त्यावर तीस वर्षांपूर्वीच विचारून झाला होता.

मग येतात रंग. हरिदादाच्या पांढऱ्यावर काळा उधळला जातो, मग लाल, मग निळा. काला जिवंत आहे की नाही हे मुद्दाम धूसर ठेवले आहे, कारण आता गर्दीतला प्रत्येक चेहरा त्याचा आहे. वॉरशोचा नायक एकटा पडला म्हणून मेला. इथे एकटा पडतो तो हरिदादा.

त्याआधी वस्तीचा संप आहे. धारावी काम थांबवते आणि शहर ठप्प होते. ‘दीवार’मध्ये हरलेला संप इथे तेहेतीस... नव्हे, त्रेचाळीस वर्षांनी जिंकतो. आणि पुयल! अंजली पाटीलने साकारलेली चारुमती गायकवाड. पोलीस तिची सलवार ओढून काढतात, सलवार एका बाजूला पडते, लोखंडी सळई दुसऱ्या बाजूला. ती सळई उचलते. हिंदी चित्रपटांनी अब्रूच्या नावाने जेवढे मेलोड्रामा केले, त्या सगळ्यांना हे काही सेकंद पुरून उरतात.

कौतुक पुष्कळ झाले. आता तक्रार. झरीनाबरोबरच्या जुन्या प्रेमाचा धागा चित्रपटाचा वेग खातो. सेल्वी झकास लिहिली आहे, पण घरातच. संप वस्तीचा असला तरी हाक कालाचीच लागते, कारण रजनीकांतला हाक न मारू देणारा चित्रपट उभाच राहिला नसता. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात विभूतिपूजेबद्दल दिलेला इशारा आपण पडद्यापुढेही विसरू नये. आणि धारावीतला मराठी बौद्ध इथे कडेकडेनेच दिसतो. तमिळ दिग्दर्शकाने आपली माणसे मधोमध ठेवली, यात त्याचा दोष नाही. मुंबईत एवढे मराठी चित्रपट निघतात, त्यांना हे का सुचले नाही, हे त्यांनाच विचारायला हवे.

चित्रपटाबाहेर धारावीचा पुनर्विकास राज्य सरकारने २००४ पासून हाती घेतला आहे आणि २०२२ मध्ये निविदा अदानी समूहाला मिळाली. तिथे पांढऱ्या कपड्यांतला खलनायक समोर येऊन पाणी नाकारत नाही. तिथे सर्वेक्षण होते, घरावर नंबर पडतो आणि १ जानेवारी २००० च्या आधीचा कागद मागितला जातो.