पत्र लिहिणारा वाचक : 'हरिजन' आणि उर्दूचा प्रश्न

नियतकालिकांचा इतिहास आपल्याकडे बहुधा संपादकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अंक कोणी काढला, अग्रलेख कोणी लिहिला, सरकारने जामीन केव्हा मागितला, हे तपशील नोंदले जातात. तो अंक वाचून चिडलेला, शंका घेणारा, रात्री दिव्याखाली पत्र लिहायला बसलेला वाचक मात्र या इतिहासात क्वचितच दिसतो. वास्तविक मराठी गद्याच्या उभारणीत वाचकाच्या पत्राचा वाटा मोठा आहे. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात येऊ लागली, ती पत्रांच्याच रूपात. उर्दूतही संपादकाला लिहिलेल्या पत्राला 'मुरासला' असा स्वतंत्र शब्द आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये 'तहजीबुल अखलाक' सुरू केले, तेव्हा त्यांच्या लेखनाला उत्तर देण्यासाठी विरोधकांनी स्वतःची पत्रे काढली. म्हणजे मराठी आणि उर्दू या दोन्ही घरांत वाद घालणारा वाचक जुनाच आहे.

या दृष्टीने आमच्या वर्धा जिल्ह्याच्या वाट्याला आलेला एक अध्याय तपासण्यासारखा आहे. तो म्हणजे गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकाला वाचकांनी दिलेला प्रतिसाद, आणि त्यातही उर्दूच्या प्रश्नावर झालेला पत्रव्यवहार.

'हरिजन'चा पहिला इंग्रजी अंक ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यातून निघाला. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. त्याच वर्षी हिंदीत 'हरिजन सेवक' आणि गुजरातीत 'हरिजनबंधू' सुरू झाले. पत्रात जाहिराती घ्यायच्या नाहीत, असा गांधीजींचा जुना नियम होता. त्यामुळे हे साप्ताहिक जगवायचे तर ते वर्गणीदारांनीच. जे पत्र केवळ वाचकाच्या पैशावर चालते, त्याला वाचकाचे म्हणणे ऐकावे लागते, ही गोष्ट इथे लक्षात ठेवली पाहिजे.

पहिल्याच अंकासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे संदेश मागितला गेला. त्यांनी संदेश देण्याचे नाकारले आणि त्याऐवजी एक निवेदन पाठवले. अस्पृश्यता हे जातिव्यवस्थेचेच अपत्य आहे, जात राहील तोवर अस्पृश्यही राहतील, असा त्याचा आशय होता. गांधीजींनी ते छापले आणि त्यासोबत आपला मतभेदही छापला. विरोधी मताला जागा देऊन शेजारी आपले उत्तर द्यायचे, हा या पत्राचा रिवाज पहिल्या अंकापासूनच पडला.

१९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले, काही काळ मगनवाडीत राहिले आणि १९३६ मध्ये वर्ध्यापासून पाच मैलांवरच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. पत्र छापले जाई दूर, पण त्याचे विचारकेंद्र आता आमच्या जिल्ह्यात आले. महादेवभाई देसाई मगनवाडीतून सेगावला पायी जात. वैदर्भी उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला या पायपिटीचा अर्थ वेगळा सांगायला नको. टपालाचा ओघ इतका वाढला की नावाचा घोटाळा होऊ लागला. सेगावची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये गावाचे नाव 'सेवाग्राम' झाले. एका खेड्याचे नाव टपालाच्या घोटाळ्यामुळे बदलावे, ही घटना आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात किरकोळ मानता येणार नाही. त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे 'प्रश्नपेटी' हे सदर सुरू झाले.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'वर्धा योजना' एका प्रश्नापुरती येते. शिक्षक होऊ पाहणारा विद्यार्थी योजनेची वैशिष्ट्ये पाठ करतो आणि पुढे जातो. परंतु ही योजना एका साप्ताहिकातील वादातून घडली, हे त्याला सहसा कळत नाही. १९३७ च्या उन्हाळ्यानंतर गांधीजींनी 'हरिजन'मधून शिक्षणावर लिहायला सुरुवात केली. शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे आणि शाळेने आपला खर्च आपण भागवावा, या विचारावर आक्षेपांची पत्रे आली. मुलांना कामाला जुंपायचे आहे काय, शाळेचा कारखाना करायचा आहे काय, असे प्रश्न विचारले गेले. गांधीजींनी एकेक आक्षेप घेऊन उत्तरे दिली. या चर्चेचीच परिणती म्हणजे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेली शिक्षण परिषद. तिथे जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांनी गांधीजींसमोरच इशारा दिला की, स्वावलंबनावर अवास्तव भर दिला तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमाचे शोषण करणारा मुकादम होईल. परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. समितीत ख्वाजा गुलामुस्सय्यदैन होते, विनोबा होते, काका कालेलकर होते. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल तयार झाला. ज्याने जाहीर शंका घेतली त्याच्याच हाती आराखड्याचे काम द्यायचे, ही गोष्ट आजच्या कोणत्याही शैक्षणिक समितीला शिकण्यासारखी आहे.

पुढे या योजनेत धर्मशिक्षण का नाही, असा प्रश्न आला. हा प्रश्न मुस्लिम पालकांच्या मनातला होता, पण केवळ त्यांचाच नव्हता. धर्म आज ज्या रीतीने शिकवले जातात त्यातून एकोप्याऐवजी संघर्ष वाढेल अशी भीती वाटते, म्हणून ते शिक्षण योजनेबाहेर ठेवले, असे उत्तर गांधीजींनी १९३८ मध्ये दिले. हे उत्तर अनेकांना पटले नाही. पण त्यांना उत्तर मिळाले, आणि ते पुन्हा तपासता येईल अशा लिखित रूपात मिळाले.

आता उर्दूचा प्रश्न. एप्रिल १९३६ मध्ये नागपूरला भारतीय साहित्य परिषदेचे अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरले. परिषदेचे काम 'हिंदी अथवा हिंदुस्थानी'त चालावे, असा शब्दप्रयोग तिथे पुढे आला. मौलवी अब्दुल हक यांनी त्याला कडाडून विरोध केला. अब्दुल हक हे अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सूत्रधार होते. अंजुमनचे कार्य तेव्हा औरंगाबादेतून चाले आणि 'उर्दू' हे त्रैमासिकही तिथूनच निघे. म्हणजे या वादाची दोन्ही टोके आजच्या महाराष्ट्रात होती, एक वर्ध्यात आणि दुसरे औरंगाबादेत. १९३६ मध्येच वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाल्याने उर्दूप्रेमींची शंका अधिक बळावली.

नागपूरच्या अधिवेशनानंतर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या विषयावर वारंवार लिहिले. १९३६ च्या मे महिन्यात, १९३७ च्या जुलैत, १९३८ च्या ऑक्टोबरात लेख आले. मुस्लिम वाचकांचा आक्षेप सरळ होता. काँग्रेसने 'हिंदुस्थानी' हा शब्द स्वीकारलेला असताना मध्येच 'हिंदी' कशासाठी आणली? दुसऱ्या बाजूच्या वाचकांचा आक्षेपही तितकाच सरळ होता. नागरी असताना उर्दू लिपीचे ओझे कशासाठी? गांधीजींचे उत्तर दोघांनाही एकच होते. हिंदी, उर्दू आणि हिंदुस्थानी ही एकाच बोलीची रूपे आहेत आणि देशसेवकाने दोन्ही लिप्या शिकाव्यात. हे उत्तर दोन्ही बाजूंना अपुरे वाटले. तरीही एक फरक पडला. १९३६ मध्ये 'हिंदी अथवा हिंदुस्थानी' म्हणणारे गांधीजी हळूहळू 'हिंदुस्थानी'वर आणि दोन लिप्यांवर ठाम होत गेले. २ मे १९४२ रोजी वर्ध्यात हिंदुस्थानी प्रचार सभा स्थापन झाली. १९४५ मध्ये पुरुषोत्तमदास टंडन यांच्याशी पत्रव्यवहार होऊन गांधीजी हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. या वाटचालीची कारणे अनेक आहेत. पण आक्षेप घेणाऱ्या वाचकांनी हा प्रश्न त्यांच्या टेबलावरून हलू दिला नाही, हे त्यांतले एक कारण मानावे लागते.

या व्यवहाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. अशा पत्रात शेवटचा शब्द संपादकाचा असतो. पत्रलेखकाचे नाव बहुधा दिले जात नसे. 'एक मुस्लिम मित्र', 'एक वाचक' एवढीच त्याची ओळख. त्याच्या पत्रातला कोणता भाग छापायचा, हेही संपादकच ठरवी. बाबासाहेबांनी ही मर्यादा ओळखली होती. जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधून 'जातिनिर्मूलन' या त्यांच्या न झालेल्या भाषणाचा समाचार घेतला, तेव्हा बाबासाहेबांनी १९३७ च्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे लेख जसेच्या तसे छापून त्यापुढे आपले सविस्तर उत्तर जोडले. 'हरिजन'चा रिवाज त्यांनी 'हरिजन'वरच उलटवला. ज्याच्याजवळ स्वतःचे मुद्रणसाधन आहे, त्यालाच हे शक्य होते. ज्याच्याजवळ नाही, त्याला दुसऱ्याच्या पत्रात आपली चार ओळींची जागा मिळवावी लागते.

ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारने 'हरिजन' बंद पाडले. १५ ऑगस्टला महादेवभाई आगाखान पॅलेसमध्ये वारले. फेब्रुवारी १९४६ मध्ये पत्र पुन्हा सुरू झाले आणि त्या काळात उर्दू लिपीतली आवृत्तीही निघत होती. ज्या वाचकांनी इतकी वर्षे लिपीचा प्रश्न लावून धरला, त्यांच्यासाठी ही आवृत्ती म्हणजे एक प्रकारे उत्तरच होते. पण लवकरच फाळणी झाली. उर्दूचे कितीतरी वाचक घरदार सोडून गेले होते, आणि राहिलेल्यांच्या मनात भीती होती. खप घसरत गेला. जानेवारी १९४८ मध्ये, दिल्लीतल्या अखेरच्या उपोषणाच्या सुमारास, गांधीजींनी या आवृत्तीविषयी लिहिले. मागणीच नसेल तर पत्र काढण्यात अर्थ नाही, आणि घटता खप हे लोकांच्या नाराजीचे लक्षण आहे, असे त्यांनी मान्य केले. दोन लिप्यांविषयीचे आपले मत मात्र बदललेले नाही, हेही सांगितले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला त्यांची हत्या झाली. पुढे किशोरलाल मश्रूवाला यांनी १९५२ मध्ये मृत्यू येईपर्यंत वर्ध्यात राहून 'हरिजन' चालवले. १९५६ मध्ये ते कायमचे बंद झाले.

या इतिहासाचा मला लागलेला अर्थ असा. उर्दूच्या बाजूने लिहिणारे वाचक होते तोवर संपादकाला उत्तर देणे भाग होते. वाचक पांगले, तेव्हा सद्भावना असलेल्या संपादकालाही आवृत्ती टिकवणे अवघड झाले. भाषेचा दावा केवळ जाहीरनाम्यांनी राहत नाही. तो वर्गणी भरणाऱ्या, अंक वाचणाऱ्या आणि पटले नाही तर पत्र लिहिणाऱ्या माणसांच्या जोरावर राहतो.

हे आज सांगण्याचे कारण आहे. उर्दू माध्यमाच्या वर्गात बसणारी आमची मुले घरी एक बोली बोलतात, शाळेत उर्दू लिहितात आणि बाजारात, एस.टी.त, तहसील कचेरीत मराठीत वावरतात. त्यांना निबंध लिहिता येतो, अर्ज लिहिता येतो. संपादकाला पत्र लिहिणे हा प्रश्नपत्रिकेतला एक प्रकारही त्यांना ठाऊक असतो. पण छापून आलेल्या मजकुराला 'हे मला मान्य नाही, आणि त्याची कारणे ही' असे खरोखर लिहून पाठवता येते, हे त्यांना कोणी सांगत नाही. आपल्याविषयी मराठी वृत्तपत्रांत पुष्कळ लिहिले जाते, आपल्याकडून जाणारी पत्रे मात्र थोडी असतात. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हीच जाणीव होती की आपल्याविषयी आपणही मराठीत बोलले पाहिजे.

सेवाग्रामच्या टपालातील त्या अनाम मुस्लिम वाचकांची नावे आपल्या हाती नाहीत. ते कोणत्या पक्षाचे होते यापेक्षा त्यांनी काय केले हे महत्त्वाचे आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या माणसाला त्यांनी अदबीने, पण स्पष्टपणे कळवले की तुमचे म्हणणे आम्हाला पटत नाही. वर्गात 'वर्धा योजना' शिकवताना हा भागही शिकवला जावा, आणि त्यानंतर मुलांना एक खरे पत्र लिहायला लावून ते खरोखर टपालात टाकले जावे.