मुरगावची आगबोट आणि एक सिनेमा

मागच्या पावसाळ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याला हेरकथांचं वेड. म्हणाला, "मामा, 'द सी वुल्व्ह्ज' बघितलायस का? गोव्यातल्या जर्मन हेरांवर आहे. ग्रेगरी पेक आहे, रॉजर मूर आहे. बघण्यासारखा आहे का तेवढं सांग, नाहीतर दोन तास फुकट जायचे."

मी म्हटलं, "दोन दिवस दे मला." दोन दिवसांचे आठ झाले. एक तर दापोलीतली वीज. सिनेमा चार तुकड्यांत बघावा लागला. आणि दुसरं म्हणजे ज्या पुस्तकावरून तो काढला, ते मी कपाटातून बाहेर काढलं आणि त्यातच अडकलो.

पुस्तक जेम्स लीझरचं, 'बोर्डिंग पार्टी', १९७८ सालचं. ती कादंबरी नव्हे, घडलेल्या गोष्टीची हकीकत आहे. पण लिहिली आहे कादंबरीसारखी, संवाद-बिंवाद घालून. त्यामुळे इतिहास कुठे संपतो आणि लेखकाची कल्पना कुठे सुरू होते, हे वाचताना पुन्हा पुन्हा चाचपावं लागतं. सिनेमा दोन वर्षांनी, १९८० मध्ये आला. दिग्दर्शक अँड्र्यू मॅक्लॅग्लन, पटकथा रेजिनाल्ड रोजची. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' लिहिणारा तो हाच रोज, हे कळल्यावर माझ्या अपेक्षा जरा वाढल्या होत्या. ती चूक झाली.

गोष्ट अशी. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि पुढे मुरगावच्या बंदरात तीन जर्मन जहाजं आणि एक इटालियन जहाज अडकून पडलं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोव्याचं पाणीही तटस्थ. बाहेर पडलं तर इंग्रजांचं आरमार पकडणार, आत राहिलं तर कुणी हात लावणार नाही. तीन-साडेतीन वर्षं ही जहाजं तिथंच नांगरलेली होती. त्यांतल्या 'एरेनफेल्स'वर चोरटं बिनतारी यंत्र आहे आणि त्यावरून दोस्तांच्या मालवाहू जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिशांच्या गुप्त युद्धखात्याचा संशय. लुईस प्यू आणि गॅव्हिन स्ट्युअर्ट हे त्या खात्याचे दोन अधिकारी आधी पणजीत गेले आणि 'ट्रॉम्पेटा' नावानं वावरणाऱ्या जर्मन हेराला बायकोसकट उचलून ब्रिटिश हद्दीत घेऊन आले. तरी खबरा थांबल्या नाहीत, असं लीझर सांगतो.

आता जहाजावरच चालून जायचं. पण तटस्थ बंदरात सैन्य घालणार कसं? मग प्यूनं कलकत्त्याच्या क्लबातली माणसं निवडली. कलकत्ता लाइट हॉर्स ही हौशी घोडदळाची पलटण. तागाचे, चहाचे, विम्याचे इंग्रज व्यापारी रविवारी घोड्यावर बसत आणि संध्याकाळी ग्लास घेऊन. त्यांतले चौदा आणि कलकत्ता स्कॉटिशचे चार. पकडले गेले तर म्हणायचं, दारूच्या नशेत सुट्टीवरच्या माणसांनी केलेला खोडसाळपणा. बंदरातला गाळ वाहून टाकणारं 'फीबी' नावाचं एक बोजड तराफ्यासारखं जहाज कलकत्त्याहून श्रीलंकेला वळसा घालून निघालं. बरीच मंडळी आगगाडीनं कोचीनला येऊन त्यात चढली. ९ मार्च १९४३ च्या रात्री ते मुरगावात शिरलं. जर्मन खलाशी किनाऱ्यावर गुंतून राहावेत म्हणून गावात मेजवानीची आणि वेश्यावस्तीत फुकट सोयीची व्यवस्था आधीच लावलेली होती. झटापटीत 'एरेनफेल्स'चा कप्तान आणि आणखी चार जर्मन ठार झाले. जहाज पळवून नेता आलं नाही. खलाशांनी झडपा उघडल्या, आगी लावल्या आणि ते बसलं. ते बघून उरलेल्या तिन्ही जहाजांनीही स्वतःला बुडवून घेतलं. हल्लेखोरांतलं कुणी मेलं नाही. कुणाला पदकही मिळालं नाही, कारण घटना घडलीच नव्हती, असं तीसेक वर्षं सगळ्यांनी धरून चालायचं होतं.

इतकी चांगली गोष्ट हातात असताना सिनेमानं काय केलं? मिसेस क्रॉमवेल नावाची एक सुंदर बाई घुसवली. रॉजर मूर म्हणजे बाई हवीच, आणि ती संशयास्पदही हवी. पुस्तकातली खरी अडचण, म्हणजे तटस्थतेचा कायदा, नाकारता येईल अशी कारवाई, दोन खात्यांमधली कुरबुर, ही दोन-चार वाक्यांत उरकली आणि वाचलेला वेळ कॅसिनो आणि नाचाला दिला. पेक तेव्हा चौसष्टीला टेकलेला, डेव्हिड निव्हन सत्तरीचा. पोटं सावरत दोरीवरून चढणारी ही मंडळी बघताना मजा येते, हे कबूल करतो. ट्रेव्हर हॉवर्ड नुसता बसलेला असला तरी बघावासा वाटतो. आणि गोवा! चित्रीकरण गोव्यात झालं आहे. १९८० च्या आसपासचा, हॉटेलांनी अजून न भरलेला तो किनारा बघायला मिळतो. माझ्या पिढीनं मुंबई-गोवा आगबोटीच्या कठड्यावरून बघितलेला गोवा तो हाच.

पण एक गोष्ट मला पहिल्या दृश्यापासून टोचत राहिली. सुरुवातीला जहाजं बुडतात. पाणतीर येतो, स्फोट होतो, मग नकाशावर खुणा आणि वरिष्ठांची काळजीची तोंडं. त्या जहाजांवर कोण होतं?

माझ्या आजीचा थोरला भाऊ हर्णैचा. आगवाला म्हणून ब्रिटिश कंपनीच्या जहाजावर लागला होता. आगवाला म्हणजे बॉयलरला कोळसा घालणारा, जहाजाच्या अगदी पोटात. वर सारंग, टिंडल, भंडारी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक गावांत ही नावं हुद्दे म्हणून आली आणि घरात बोलण्यात राहिली. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी आणि पाणतीर लागला की जिना चढून वर यायला वेळ सगळ्यात कमी. १९४२ च्या पावसाळ्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. नंतर कंपनीचा कागद आला, तो आजीच्या आईनं कुणाकडून तरी वाचून घेतला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मालवाहू जहाजांवर मेलेल्या हिंदी खलाशांचा आकडा साडेसहा हजारांच्या आसपास सांगतात. मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात त्यांच्या नावांचं स्मृतिपुस्तक ठेवलेलं आहे.

म्हणून 'खबर कोण देत होतं' हा प्रश्न आमच्या घरात नुसता हेरकथेचा नाही. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "गोव्याच्या जर्मनानं मारला त्याला." हे तिनं कुठून ऐकलं, देव जाणे. पुस्तक हाती आलं तेव्हा मला वाटलं, म्हातारी खरंच बोलत होती.

मग मी तारखा जुळवायला बसलो. १९४२ च्या शरदापासून १९४३ च्या वसंतापर्यंत हिंदी महासागराच्या बाजूला आलेल्या जर्मन पाणबुड्या मुख्यतः आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप टाउन-दरबान-मोझांबिक या पट्ट्यात काम करत होत्या. अरबी समुद्रासाठी जर्मनांनी मुद्दाम धाडलेली 'मान्सून' तुकडी पोचली ती १९४३ च्या शरदात, म्हणजे 'एरेनफेल्स' तळाशी गेल्यावर सहा महिन्यांनी. अरबी समुद्रात त्याआधी जपानी पाणबुड्याही फिरत होत्याच. छाप्यानंतर जहाजं बुडणं एकदम थांबलं, हा लीझरचा आणि सिनेमाचा शेवटचा हुकमी पत्ता. पण पाणबुड्या येतात, इंधन संपतं, परत जातात. त्या चढउताराला मुरगावचं बिनतारी यंत्र लागत नाही. माझं मत असं की छापा खरा, धाडस खरं, त्यामुळे युद्धाचं पारडं फिरलं हे मात्र पटण्याजोगं नाही. आजीला हे सांगायला ती आता नाही, आणि असती तरी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

सिनेमात आणखी कोण नाही ते बघा. गोवेकर नाहीत. म्हणजे आहेत, ट्रे घेऊन, टांगा हाकत. सालाझारच्या राजवटीत त्यांना सभा भरवायची सोय नव्हती आणि तीनच वर्षांनी, १८ जून १९४६ ला, मडगावात लोहिया भाषणाला उभे राहणार होते, याचा वाससुद्धा पडद्यावर नाही. कलकत्ता आहे तो क्लबापुरता. १९४३ चं कलकत्ता! त्याच वर्षी बंगालात दुष्काळानं माणसं पटापटा मेली. तीसेक लाख, असा अंदाज आहे. म्हाताऱ्या शिपायांच्या विनोदांना हसताना हे आठवलं की हसू अर्ध्यावर राहतं.

हे आमच्या किनाऱ्याला नवं नाही म्हणा. हर्णैचा सुवर्णदुर्ग एप्रिल १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तो पेशव्यांनी आणि इंग्रजांनी मिळून. जमिनीकडून रामाजी महादेवाची फौज, पाण्याकडून कमोडोर विल्यम जेम्स. लंडनमध्ये शूटर्स हिलवर जेम्सच्या विधवेनं १७८४ मध्ये एक त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. रामाजीचा मनोरा कुठे आहे? हर्णैला तर 'गोवा' नावाचाच किल्ला आहे, पण तो बघायला कुणी ग्रेगरी पेक येत नाही.

एवढं सगळं मी भाच्याला फोनवर ऐकवलं. तो मधे मधे "हं" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "मामा, म्हणजे बघू की नको?"

"बघ. पण आधी पुस्तक वाच, मी पाठवतो. बाईचे प्रसंग पुढे ढकललेस तरी चालेल. छाप्याची शेवटची वीस-पंचवीस मिनिटं नीट बघ, ती चांगली जमलीत. आणि पहिलं जहाज बुडतं ना, तिथं जरा थांब."

त्यानं पुस्तक वाचायच्या आधीच सिनेमा बघून टाकला. रात्री साडेबाराला मेसेज: "मामा, आजीच्या भावाचं नाव काय होतं? आईला आठवत नाहीये."

मलाही फक्त घरातली हाक माहीत आहे. तांदळाच्या डब्यातला तो कागद कधीच गेला. मस्जिद बंदरला जायचं आम्ही दोघांनी ठरवलंय, दिवाळीनंतर.