किती पाणी घालावे?

दिवाळीच्या आवराआवरीत गच्चीच्या कोपऱ्यातली एक कुंडी उपडी केली आणि आमची चांगलीच फजिती झाली. कुंडीत मनीप्लँट होता. होता म्हणजे श्रावणापर्यंत होता. पाने पिवळी पडू लागली तेव्हा आम्ही समजलो, बिचाऱ्याला पाणी पुरत नाही. म्हणून सकाळचा एक तांब्या होता त्याचे दोन केले, पुढे संध्याकाळचाही एक चढवला. आता मातीचा गोळा बाहेर आला तो काळा, चिकट आणि कुबट वासाचा. शेजारच्या आजी पाहत होत्या. त्या मूळच्या नागभीडकडच्या. निम्मा जन्म धानाच्या बांधीत गेलेला. म्हणाल्या, "अजी भाऊ, हे तहानेनं नाही मेलं, बुडून मेलं."

बुडून मेलेल्या झाडांत एक नेचा इतिहासप्रसिद्ध आहे. 1829 साली लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने एका पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरून बाटलीत बंद केला. पतंगाचे काय झाले ते बाजूला राहिले. मातीतून नेचाचे एक रोप आणि गवताचे एक पाते वर आले. त्या धुरकट शहरात डॉक्टरांचे नेचे एकामागून एक मरत होते, आणि हे मात्र झाकणाआड तरारले. दिवसा वाफ वर जावी, काचेवर थेंब धरावेत आणि तेच पुन्हा मातीत उतरावेत. जवळजवळ चार वर्षे त्या रोपाने बाहेरचा एक थेंब मागितला नाही. मग डॉक्टर परगावी गेले असताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोप गेले. तोवर डॉक्टरांना हवे ते कळले होते. 1833 साली त्यांनी काचेच्या पेट्यांतून रोपे थेट सिडनीला धाडली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपे अशाच पेट्यांतून हिमालयाच्या उतारावर आणवली. उष्ण देशांतली झाडे युरोपच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली ती बहुतांशी या पेट्यांच्या कृपेने. आमचा मनीप्लँटही मूळचा ताहितीशेजारच्या मूरेआ बेटावरचा, झाडांच्या आधाराने चढणारा वेल. त्याच्या मुळांना पाणी लागते तितकीच हवाही लागते. ही हवा आम्ही रोज तीन तांब्यांनी कोंडीत होतो.

पण पाणी मोजून घालण्याची विद्या शिकायला लंडनला जायचे कारण नव्हते. ती आमच्या दारातच होती. चंद्रपुरात आम्ही राहतो त्या भागाच्या पलीकडे तुकूम नावाची वस्ती आहे. रिक्षावाल्याला रोज सांगतो, "तुकूमला घे." या शब्दाच्या पोटात काय आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले.

इथल्या गोंड राजांची राजधानी आधी सिरपूरला, मग बल्लारपूरला आणि शेवटी चंद्रपूरला आली. झरपटीच्या काठी खांडक्या बल्लाळशहाने शहर वसवले ती कथा इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. ससा कुत्र्याच्या पाठीस लागला ती. त्याच वंशातल्या हीरशहाने, परंपरा सांगते त्याप्रमाणे, दवंडी पिटवली : जो जंगल तोडून जमीन वहितीस आणील त्याला ती जमीन, आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याने भिजेल ती जमीन. तळ्यासाठी मिळालेले हे इनाम म्हणजे तुकूम. चांदा जिल्ह्याची जमाबंदी करणाऱ्या मेजर लुसी स्मिथने 1869 च्या आपल्या अहवालात जुन्या राजवटीच्या अशा हकिगती टिपून ठेवल्या. आम्हांला यातली खुबी अशी वाटते की, बक्षीस तळ्याच्या आकाराला नव्हते, भिजलेल्या जमिनीला होते. नुसते पाणी साठवून कोणी इनामदार होत नव्हता. ते पिकापर्यंत पोचवावे लागे.

हे काम ज्यांनी केले त्यांत कोहळी लोक पुढे होते. काशीयात्रेहून परतताना चांद्याच्या गोंड राजाने आपल्या पूर्वजांना सोबत आणले, असे ते सांगतात. काशीचे खरे असो वा नसो, जमिनीचा उतार नजरेने ओळखण्याची त्यांची हातोटी मात्र आजही दिसते. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी या बाजूला हिंडावे, म्हणजे टेकडीच्या कुशीत मातीची पाळ, पाळीमागे तळे, त्याच्या सांडव्याखाली दुसरे तळे आणि मधल्या खोलगटांत लहानलहान बोड्या दिसतात. भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत ही तळी साडेसहा हजारांच्या वर भरतात. मालगुजारांच्या ताब्यात होती म्हणून ती मालगुजारी तळी. लोकांनी पुढे त्याचे 'मामा तलाव' केले.

या मुलखात पाऊस थोडा नाही. चार महिन्यांत पन्नास इंचांच्या आसपास कोसळतो. अडचण निराळी आहे. धान निसवू लागतो तो आश्विनात, आणि नेमका तेव्हा हस्ताचा पाऊस दगा देतो. ज्या बांधीत श्रावणभर गुडघाभर पाणी होते, तिथेच महिन्या-दीड महिन्यात भेगा पडतात. त्या आठ-पंधरा दिवसांत मिळालेले एक पाणी दाणा भरते. न मिळाले तर हाती फोल येते. आणि कापणीच्या तोंडावर तेच पाणी बांधीतून काढून द्यावे लागते. धानासारखे पाण्यात उभे राहणारे पीक, पण त्यालाही वेळ आणि माप आहे!

ते माप सांभाळणारा माणूस म्हणजे पाणकर. पाळीतले पाणी सोडायचे तोंड, त्याला इकडे तुडुम म्हणतात, ते कधी उघडायचे, कोणाच्या बांधीत आधी द्यायचे, कोणाची भरली म्हणून वळवायचे, हे तो पाहत असे. आजींचे आजोबा पाणकर होते. रात्री कंदील घेऊन ते बांध्यांतून फिरत. चिखलात पायाचा अंगठा रुतवून ओल पाहत आणि मगच पाणी फोडत. त्यांच्याशी भांडायला येणारे पुष्कळ असत. आजी सांगतात, "वरच्या बांधीवाला नेहमी म्हणे, माझं झालं नाही. आजोबा म्हणत, तुझं झालं, तुझ्या मनाचं झालं नाही."

इंग्रजी अमदानीत पाटबंधारे खात्याने असोलामेंढा, नलेश्वर, घोडाझरी असे मोठे तलाव बांधले. तेही याच उतारांवर. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, 1951 पासून तळी सरकारजमा झाली. मालगुजारी जावी हे योग्यच होते. तिच्या जुलमाच्या गोष्टी आम्ही याच आजींकडून ऐकल्या आहेत. पण मालगुजारासोबत पाणकरही गेला, आणि दर उन्हाळ्यात गाळ काढण्याचा गावचा रिवाजही ढिला पडला. कित्येक तळी गाळाने उथळ झाली, काठांवर बेशरमीची झुडपे माजली. अलीकडे दुरुस्तीची कामे निघतात. पाळ दुरुस्त होते, तुडुमाला नवे सिमेंट लागते. अंगठा रुतवून पाहणारा माणूस मात्र अंदाजपत्रकात बसत नाही.

घरातही हे शहाणपण होते. वैशाखात इथे पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर चढतो तेव्हा तुळशीवर गळती लावतात. तळाशी बारीक भोक पाडलेल्या भांड्यातून दिवसभर थेंब-थेंब. कोणी तुळशीवर हंडा रिता करीत नाही. जंगलातून हौसेने आणलेल्या रास्नेची गत मात्र आमच्या मनीप्लँटसारखी होते. आंब्याच्या नाहीतर मोहाच्या फांदीवर उघड्या मुळांनी राहणारे हे फुलझाड. पाऊस पडला की मुळे हिरवट होतात, वाळली की पांढरी. तेवढा तिचा निरोप पुरे. लोक तिला कुंडीत मातीखाली गाडतात आणि रोज पाणी घालतात.

आजींनी त्यांच्या वेलाची एक फांदी तोडून दिली. कुंडी मात्र त्यांनी स्वतः पारखली : तळाला भोक आहे ना, त्यावर खापरी ठेवली ना, माती भुसभुशीत आहे ना. मग म्हणाल्या, "तांब्या उचलायच्या आधी बोट घालून पाहत जा. दोन पेरं." वसुबारसेच्या सकाळी आम्ही बोट घातले. वरची माती कोरडी, खाली गार ओल लागली. तांब्या परत मोरीत नेऊन ठेवला. आजी कठड्यापलीकडून पाहतच होत्या.