दुखापत आणि तिची हकीकत

रुग्णालयाच्या अपघात विभागात जखमी मूल आणले जाते, तेव्हा डॉक्टरांपुढे एकाच वेळी दोन संहिता असतात. पहिली, सोबतच्या मोठ्या माणसाने सांगितलेली हकीकत : पलंगावरून पडले, पायरीवरून घसरले. दुसरी, मुलाच्या शरीरावर उमटलेली. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर ही दुसरी संहिता हीच त्याची साक्ष. या दोहोंतील विसंगती वाचायला वैद्यकशास्त्राला फार उशीर लागला. त्या विलंबाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकानेही पाहावा असा आहे, कारण तो एका अर्थाने वाचनाचाच इतिहास आहे.

१८६० साली पॅरिसमधील न्यायवैद्यकाचे अभ्यासक आंब्रोआझ तार्दिय यांनी मुलांच्या छळाची ३२ प्रकरणे प्रसिद्ध केली. त्यांतील १८ मुले दगावली होती. भाजल्याचे डाग, मारहाणीचे वळ, मेंदूभोवतीचा रक्तस्राव या साऱ्यांचे वर्णन त्यांनी केले. छळणारे बहुधा आईबापच असतात, हेही नोंदवले. तरीही या लेखनाचा वैद्यकावर फारसा परिणाम झाला नाही आणि जवळजवळ शंभर वर्षे ते विस्मरणात गेले. लक्षणे तीच होती. ती वाचण्याची तयारी मात्र नव्हती.

मधल्या काळात, १८९५ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागला. १९४६ साली न्यूयॉर्कचे बालरोग-क्षकिरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी सहा अर्भकांविषयी एक निबंध लिहिला. त्या सर्वांच्या मेंदूच्या आवरणाखाली जुना रक्तस्राव होता आणि सहाजणांत मिळून लांब हाडांचे २३ अस्थिभंग होते. हाडे मोडण्याजोग्या आघाताचा उल्लेख घरच्यांनी मात्र केला नव्हता. हे अस्थिभंग आघाताचेच, असे कॅफी म्हणाले. तो आघात कोणी केला, हे वाक्य त्यांनी लिहिले नाही. १९५३ मध्ये फ्रेडरिक सिल्व्हरमन यांनी अशा अर्भकांच्या बाबतीत लपलेल्या वा विसरलेल्या आघाताचा शोध घेण्याचा आग्रह धरला. निष्कर्ष असा पायरीपायरीने जवळ येत होता.

१९६२ साली डेन्व्हरचे हेन्री केम्प आणि त्यांचे सहकारी (त्यांत सिल्व्हरमनही होते) यांनी त्याला नाव दिले : 'मार खाल्लेल्या मुलाचा लक्षणसमूह'. ७१ रुग्णालयांकडून त्यांनी एका वर्षातील ३०२ प्रकरणे गोळा केली. ३३ मुले मरण पावली होती, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. बरे होण्याच्या वेगवेगळ्या अवस्थांतील अस्थिभंग एकाच शरीरात सापडणे, सांगितलेली हकीकत आणि प्रत्यक्ष जखम यांचा मेळ न बसणे आणि मूल रुग्णालयात असेपर्यंत नवी जखम न होणे, ही लक्षणे त्यांनी ठामपणे मांडली. याहून महत्त्वाचे म्हणजे, आईबाप असे करतील यावर डॉक्टरांचा विश्वासच बसत नाही, ही अडचणही त्यांनी उघड केली. नामकरणाचे सामर्थ्य येथे दिसते. पुढच्या पाचेक वर्षांत अमेरिकेच्या सर्व राज्यांत अशी शंका कळवण्यासंबंधीचे कायदे झाले.

मात्र नाव मिळाले म्हणजे दृष्टी मिळतेच असे नाही. आयव्हरी कोस्टहून आलेली सात वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिये हिला जुलै १९९९ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने लंडनच्या दोन रुग्णालयांत नेण्यात आले. पहिल्या ठिकाणी अंगावरच्या खुणांचा अर्थ 'खरूज' असा लावला गेला. दुसऱ्या ठिकाणी ती डोके व चेहरा भाजल्यामुळे आली होती. दोन्ही वेळा ती छळणाऱ्या आत्येआजीकडेच परतली. २५ फेब्रुवारी २००० रोजी ती मरण पावली तेव्हा तिच्या शरीरावर १२८ जखमा होत्या. लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या अहवालातून दिसते ते असे की, पुष्कळांनी काहीतरी पाहिले होते. पण पाहिलेले सारे एका ठिकाणी लिहिले गेले नाही आणि एकत्र वाचले गेले नाही.

उलट चूकही घडते. १९८७ साली इंग्लंडमधील क्लीव्हलंड येथे १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान अवघ्या काही महिन्यांत करण्यात आले. त्यासाठी एका शारीरिक लक्षणावर फार भिस्त ठेवली गेली होती. पुढे बरीच मुले घरी परत पाठवावी लागली. ठिसूळ हाडांचा जन्मजात विकार, रक्त न गोठण्याचे आजार, किंवा भारतीय बाळांच्या कमरेवर सर्रास दिसणारा जन्मजात निळसर डाग, हे सारे माराचा आभास निर्माण करू शकतात. म्हणून आज नियम अधिक नेमके झाले आहेत. चार वर्षांखालील मुलाच्या धडावर, कानावर वा मानेवर काळेनिळे डाग असतील, किंवा चार महिन्यांपर्यंतच्या अर्भकाच्या अंगावर कुठेही असा डाग असेल, तर पुढील तपास व्हावा, असे २०१० च्या एका अमेरिकी संशोधनाने सुचवले. जे मूल अजून धरून उभे राहत नाही, ते आपटून काळेनिळे होईल कसे, हा त्यामागचा साधा तर्क. लक्षण म्हणजे निकाल नव्हे; ते पुढचा प्रश्न विचारण्याचे कारण आहे.

आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती कळवणे बंधनकारक केले. घरातल्या मारहाणीवर मात्र 'शिस्त' या शब्दाचे पांघरूण अजूनही सहज पडते. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी तीनांतील दोघांनी शारीरिक छळ सांगितला होता. तार्दिय यांच्या वाचकांना जे वाक्य वाचवले नाही, ते आपल्यालाही जड जाते : घर हे सुरक्षित असेलच असे नाही. अपघात विभागातल्या डॉक्टरला हे वाक्य प्रत्येक कुटुंबावर न लादता, पण कोणत्याही कुटुंबाला त्यातून आधीच वगळल्याशिवाय, मनात बाळगावे लागते. ज्याला बोलता येत नाही, त्याची हकीकत पूर्ण होण्याची आशा तेवढ्यावरच टिकून असते.