रुळांची तीन मापे : गोंदिया परिसरातील रेल्वेच्या अवशेषांविषयी

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव 1917 साली बांधलेल्या तलावामुळे सर्वपरिचित आहे. खुद्द गावातून लोहमार्ग जात नाही. परंतु तालुक्याचे तिरोडा स्थानक नागपूर-गोंदिया मार्गावर असल्यामुळे धानाच्या या प्रदेशाचा आगगाडीशी असलेला संबंध तलावाहूनही जुना ठरतो. या संबंधाच्या अवशेषांचे मोल कोणत्या दृष्टीने ठरवावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

गोंदियाने रुळांची तीन मापे पाहिली. 1880 ते 1882 या काळात नागपूरपासून राजनांदगावपर्यंत जो नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग झाला, तो मीटर गेजचा होता. छत्तीसगडचे धान्य नागपूरकडे आणणे हा त्याचा एक प्रमुख हेतू. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन 1676 मिलिमीटरच्या ब्रॉड गेजमध्ये त्याचे रूपांतर केले, आणि 1891 मध्ये तो आसनसोलपर्यंत पोहोचविला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरकडे सातपुड्याचा 762 मिलिमीटरचा नॅरोगेज मार्ग निघाला. डोंगराळ व जंगलमय मुलखात तीव्र वळणे घेता यावीत आणि खर्च कमी यावा, म्हणून हे अरुंद माप पत्करण्यात आले.

परंतु बांधणीत वाचलेला खर्च जंक्शनवर वेगळ्या रूपाने द्यावा लागे. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नाही. तेव्हा लाकूड असो की धान्य, लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात भरावे लागे. जंक्शनवरील मालधक्का, शेजारशेजारचे फलाट आणि हमालांचे श्रम या सर्वांचे कारण मापांतील हा भेदच होय. तो भेद नाहीसा झाला की अशा वास्तूचे प्रयोजनही संपते, आणि प्रयोजन संपलेली वास्तू पाडण्यास कोणाची हरकत नसते.

गोंदिया-बालाघाट भागाचे रुंदीकरण 2005-06 च्या सुमारास झाले. जबलपूर-नैनपूर भागावरील छोटी गाडी 2015 मध्ये थांबली. साधनसामग्रीची काळजी काही अंशी घेतली गेली आहे. नागपूरच्या मोतीबाग येथे 14 डिसेंबर 2002 रोजी नॅरोगेज संग्रहालय उघडले. नैनपूर येथेही तसे संग्रहालय आहे. इंजिन व डबे हलविता येतात, म्हणून ते वाचतात. भराव, मोऱ्या व धक्के मात्र हलविता येत नाहीत. ते नव्या मार्गाखाली गडप होतात किंवा ओस पडतात.

या ठिकाणी भाषेची साक्ष उपयोगी पडते. या भागातील लोकांनी मिलिमीटरांची गणती केली नाही. त्यांनी ‘छोटी लाईन’ म्हटले. ‘छोटी’ हे विशेषण सापेक्ष आहे. शेजारी मोठी असल्यावाचून लहानीला लहान म्हणता येत नाही. म्हणजे दोन मापे जेथे एकमेकांस भेटत, त्या स्थळाची स्मृती या दोन शब्दांत साठविलेली आहे. संग्रहालयातील एकटे इंजिन ही गोष्ट सांगू शकत नाही. कारण ज्याच्याशी तुलना करून त्याला नाव मिळाले, तो शेजार तेथे नसतो. ती गोष्ट सांगण्याचे सामर्थ्य स्थळावरच्या वास्तूत असते. शब्द वास्तूपेक्षा अधिक काळ टिकेल हे खरे. परंतु त्याचा अर्थ उलगडण्यास वास्तूच हवी.

म्हणून अवशेषांची यादी करताना वस्तू कोणती, एवढेच नोंदविणे पुरेसे नाही. ती कशाच्या शेजारी उभी होती, तेथे कोणते काम चाले आणि ते करणारे लोक तिला काय म्हणत, हेही नोंदवावयास हवे. छोट्या गाडीवर व मालधक्क्यावर काम केलेली माणसे आज वृद्ध झाली आहेत. इतिहास व भाषाशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून ही नोंद तातडीने हाती घ्यावी. वास्तू पाडली गेल्यावर तिचे छायाचित्र कदाचित कोठेतरी सापडेल. तिचा शेजार मात्र माणसांबरोबरच जाईल.