पानांचा क्रम आणि घरचा छापखाना

मुद्रणाचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक खिळे, शाई, कागद आणि छापयंत्र यांचा तपशिलाने विचार करतात. छापून झालेली पाने एकामागून एक योग्य क्रमाने कोणी लावली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः या कामावाचून छापलेल्या कागदांचा ढीगच राहतो, त्याचा ग्रंथ होत नाही. संस्थेच्या घरच्या छापखान्यासाठी पाने लावण्याचे यंत्र घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर कोणते, असा विषय आमच्या मंडळात निघाला, तेव्हा या दुर्लक्षित कामाचा पूर्वेतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

आपल्याकडे या प्रश्नाचा आरंभ पोथीपासून होतो. पोथीची पाने सुटी असत. ती लाकडी पाट्यांमध्ये ठेवून बासनात बांधीत. बासन सुटले आणि पाने विखुरली, तर ती पुन्हा लावण्याची सोय लेखकाने आधीच करून ठेवलेली असे. पानाच्या मागील अंगास समासात पत्रांक आणि बहुधा ग्रंथनामाची आद्याक्षरे लिहिलेली आढळतात. म्हणजे एका पोथीचे पान दुसरीत गेले तरी ओळखू यावे आणि आपल्या पोथीत नेमके कोठे बसते तेही कळावे, अशी ही दुहेरी खूण होती. क्रम माणसाच्या स्मरणावर सोपवू नये, तो पानावरच नोंदवावा, हे तत्त्व यंत्राच्या कितीतरी आधी आपल्या लेखकांना उमगले होते.

युरोपात छपाई सुरू झाल्यावर पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच गरजेतून निराळी युक्ती निघाली. मोठ्या तावावर अनेक पाने एकदम छापून त्याची घडी घातली की एक फर्मा होतो. प्रत्येक फर्म्याच्या तळाशी क्रमाने एक अक्षर छापू लागले. बांधणाऱ्याला मजकूर वाचता आला नाही तरी अक्षरांचा क्रम पाहून ग्रंथ उभा करता येई. पुढे फर्म्याच्या घडीवर, म्हणजे पुस्तकाच्या पाठीकडे, एक काळी आडवी खूण छापण्याची रीत आली. पहिल्या फर्म्याची खूण वर, दुसऱ्याची किंचित खाली, तिसऱ्याची आणखी खाली. सर्व फर्मे लावले की पाठीवर तिरका जिना दिसतो. फर्मा गळला तर जिन्याची पायरी तुटते, दोनदा पडला तर तीच पायरी पुन्हा येते आणि मागेपुढे झाला तर जिना वाकडा होतो. तपासणी अशी एका दृष्टिक्षेपात होते. इतकी स्वस्त आणि इतकी खात्रीची योजना मुद्रणाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

मराठी मुद्रणात १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. १८६९ साली जावजी दादाजींचे निर्णयसागर मुद्रणालय सुरू झाले. या काळातही धार्मिक ग्रंथ पोथीच्या आडव्या आकारात, सुट्या पानांनी छापले जात. छपाई नवी आणि पानांची मांडणी जुनी, असा हा संधिकाल होता. पंचांगासारख्या पुस्तकात एखादे पान गळले तर वाचकाचा एक पंधरवडाच हरवणार! पाने लावणाऱ्या हातांची जबाबदारी किती मोठी होती, ते यावरून ध्यानात यावे.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचा कागदाशी संबंध फार निकटचा आहे. सिरपूर पेपर मिल्सची स्थापना १९३८ साली झाली आणि १९४२ साली तेथे उत्पादन सुरू झाले. कागदामुळेच त्या वस्तीला कागजनगर हे नाव पडले. २०१४ साली गिरणी बंद पडली आणि २०१८ साली नव्या मालकीखाली पुन्हा उभी राहिली. २०१६ च्या जिल्हाविभाजनानंतर कागजनगर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले असले, तरी जुन्या पिढीच्या मनात ते आदिलाबादचेच आहे.

तथापि कागद जवळ असूनही आमच्या भागातील पुस्तके लहान आवृत्त्यांची राहिली, कारण येथे भाषा अनेक आणि प्रत्येकीचे वाचक थोडे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ साली मार्लवाई येथे गोंडांच्या शिक्षणाची योजना सुरू झाली, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार करण्यात आली, कारण येथील साक्षर गोंडांना मराठीमुळे ती लिपी परिचित होती. नारनूर मंडलातील गुंजाळा येथील हस्तलिखितांमुळे प्रकाशात आलेली गोंडी लिपीही २०१८ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. अशा भाषांची दोनतीनशे प्रतींची पुस्तके मोठ्या मुद्रणालयांना परवडत नाहीत. ती घरच्या छापखान्यातच निघावयाची, आणि तेथे अडचण छपाईची नसून पाने लावण्याची असते.

ही अडचण सरकारी कचेऱ्यांनी सायक्लोस्टाइलच्या काळात पुरेपूर अनुभवली. डेव्हिड गेस्टेटनर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये प्रचारात आणलेल्या या पद्धतीत मेणकागदी स्टेन्सिलवरून एका पानाच्या शेकडो प्रती निघत. एका घटकेत पानाचा ढीग तयार होई. मग लांब टेबलावर ढीग मांडून शिपाई आणि कारकून त्याभोवती फेऱ्या घालीत, प्रत्येक ढिगातून एक कागद उचलीत आणि शेवटी टाचणी मारीत. छपाईला लागे त्याहून अधिक वेळ या प्रदक्षिणेत जाई.

या कामातील चूक कोणाला भोवते? आमच्या सेवाकाळात एका कचेरीतून लाभार्थ्यांची चौदा पानांची यादी गेली. एका मंडलाला गेलेल्या प्रतीत नववे पान नव्हते. यादी मंजूर होती, शिक्का होता, सही होती, पण त्या पानावरील गावांना आपली नावे सापडेनात. मूळ प्रत मागवून खुलासा होईपर्यंत पेरणीचा हंगाम निघून गेला. दोन कागद बोटाला चिकटले, एवढेच कारण. पान गळलेली कादंबरी वाचकाला चिडवते, पान गळलेली यादी माणसाला वगळते.

आता यंत्राकडे वळू. कोलेटरमध्ये प्रत्येक पानासाठी एक खण असतो. प्रत्येक खणातून एकेक कागद सुटतो आणि खाली संच तयार होतो. कागद ओढण्याच्या दोन रीती आहेत. रबरी चाकाने घासून ओढणारे यंत्र साधे आणि स्वस्त, परंतु दमट किंवा गुळगुळीत कागदावर ते चुकण्याचा संभव अधिक. हवेने शोषून उचलणारे यंत्र महाग, पण कागदाशी सौम्य. आमच्याकडे पावसाळ्यात कागद दमट होतो आणि उन्हाळ्यात कडा वळतात. म्हणून विक्रेत्याच्या कोऱ्या कागदावर नव्हे, तर आपल्याच छापील कागदावर, शक्यतो श्रावणात, चाचणी घ्यावी. वेगाच्या आकड्याला भुलू नये. दोन कागद एकदम आले किंवा एकही आला नाही, तर यंत्र थांबते काय, हे आधी पाहावे. दुरुस्तीचा माणूस नागपुराहून येणार की हैदराबादहून, आणि किती दिवसांत, हेही लेखी घ्यावे.

खणांचा हिशेब पानांवरून नव्हे, तावांवरून करावा. अठ्ठेचाळीस पृष्ठांचा अंक मधोमध घडी घालून पिना मारावयाचा, तर प्रत्येक तावावर चार पृष्ठे बसतात. म्हणजे बारा ताव, आणि मुखपृष्ठ धरून तेरा. दहा खणांच्या यंत्रावर हे काम दोन फेऱ्यांत करावे लागेल आणि दोन्ही भाग पुन्हा हातानेच जोडावे लागतील. तीनशे प्रतींचे ताव होतात तीन हजार नऊशे. हाताने एका प्रतीस एक मिनिट धरले, तरी चार माणसांचे काम सव्वा तासात आटोपते. वर्षाच्या चार अंकांना मिळून पाच तास. संगणकाला जोडलेला आधुनिक मुद्रक तर संच क्रमानेच काढतो. तेथे कोलेटरची गरजच नाही, मात्र शेकड्यांनी प्रती काढताना दर प्रतीचा खर्च बहुधा अधिक येतो.

यंत्र असो वा नसो, तपासणी टाळता येत नाही. घडीच्या अंकात तावाच्या एका बाजूवरील दोन पृष्ठांकांची बेरीज नेहमी एकूण पृष्ठसंख्येपेक्षा एकाने अधिक येते. अठ्ठेचाळीस पृष्ठांच्या अंकात एक आणि अठ्ठेचाळीस, दोन आणि सत्तेचाळीस, मधल्या तावावर चोवीस आणि पंचवीस, सर्वत्र एकोणपन्नास. दुसरी कसोटी वजनाची. सत्तर जीएसएमच्या ए-फोर तावाचे वजन सुमारे चार ग्रॅम चारशे मिलिग्रॅम भरते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या साध्या काट्यावर एका तावाची घट कळून येते. काटा संख्या सांगतो, क्रम सांगत नाही. क्रमासाठी डोळाच हवा.

या सर्वांवरून आमचे मत असे बनले आहे की, केवळ त्रैमासिकासाठी मंडळाने आज यंत्र घेऊ नये. लांब टेबल, चार माणसे आणि एक काटा पुरेसा आहे. उद्या गोंडी, कोलामी आणि मराठी वाचनपुस्तके हजारांच्या संख्येने काढण्याचे ठरले, तर तावांच्या संख्येइतके खण असलेले आणि चुकताच थांबणारे यंत्र अवश्य घ्यावे. पोथी लिहिणाऱ्याने समासात पत्रांक घातला, तो पुढे कोणाच्या हाती ती पोथी पडेल हे ठाऊक नसताना. आपल्या अंकाची तीनशेवी प्रत ज्याच्या हाती पडेल, त्याच्याविषयी तेवढीच काळजी आपण बाळगावी, इतकेच आमचे म्हणणे आहे.