हाली सिक्क्यावरील अपुरी अक्षरे

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होते, आणि त्यामुळे येथील शेतसारा, बाजार व सावकारी हे व्यवहार हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयात चालत. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कलदार म्हणत आणि सहा कलदारांना साधारणपणे सात हाली रुपये पडत. या भागातील जुन्या घरांत उरलेल्या हाली नाण्यांवर कुठे अक्षरे तुटलेली असतात, कुठे सन दिसत नाही, आणि हे सारे झिजेमुळे झाले असे सरसकट मानले जाते. हे निदान अनेकदा चुकते.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हाली रुपया बहुतांशी हाताने पाडला जाई. चांदीची चकती खालच्या स्थिर ठशावर ठेवून वरच्या ठशावर घण मारला, की दोन्ही बाजूंना एकाच वेळी मजकूर उमटे. परंतु ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे संपूर्ण लेख एका नाण्यावर मावत नसे. १८५७ च्या उठावानंतर मोगल बादशहाचे नाव काढून आसफजाहचे नाव व ९२ हा अंक घालण्यात आला, तर दुसऱ्या बाजूला ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ हे टांकसाळीचे बिरुदासह लांबलचक नाव होते, आणि ठसा जिकडे सरकला त्याच बाजूची अक्षरे चकतीबाहेर राहत. अशा नाण्यावर अक्षर कडेपाशी एकाएकी तुटते, पण उरलेला भाग ठसठशीत असतो. येथे तराजू निर्णायक ठरतो: वजन अकरा ग्रॅमच्या आसपास पूर्ण भरले तर अक्षर मुळातच उमटलेले नाही, आणि वजन बरेच कमी भरले तर कोणीतरी कडेची चांदी कातरून घेतली असावी, अशी शंका रास्त ठरते. सराफ बट्टा, म्हणजे बदल्याची कसर, आकारण्यापूर्वी नाणे तोलत, ते याचसाठी.

१९०३-०४ च्या सुमारास यंत्रावर पाडलेला, चारमिनारचे चित्र असलेला रुपया आला, तेव्हा कडेची समस्या संपली आणि वेगळ्या खोडी सुरू झाल्या. चारमिनारच्या कमानीत निजाम महबूब अली खानांच्या कारकिर्दीत ‘मीम’ आणि १९११ नंतर उस्मान अली खानांच्या कारकिर्दीत ‘ऐन’ हे अक्षर असे. मिनारांचे टोक आणि कमानीची रेघ तीक्ष्ण असूनही आतले अक्षर अस्पष्ट असेल, तर झीज हे कारण उरत नाही. ठशाच्या त्या खाचेत तेल-धुळीचा चिकट थर किंवा धातूचा कण बसला होता, असेच मानावे लागते. दोन्ही बाजूंचा समोरासमोरचा भाग एकत्र फिका असेल, तर दाब कमी पडला किंवा चकती तेथे पातळ होती. झीज मात्र सर्वांत उंच भागापासून सुरू होते आणि पृष्ठभाग गुळगुळीत करून जाते.

या चिन्हांचा पुरावा पृष्ठभागावरच असतो, आणि चिंच किंवा राख लावून घासलेल्या नाण्यावर तो कायमचा पुसला जातो. म्हणून मराठवाड्यातील ज्या घरांत हाली सिक्का अजून जपला गेला आहे, त्यांनी तो चमकवू नये. तसाच तोलावा, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि कोरड्या कागदात ठेवावा.